मुळी पाहायची राहिली

श्रावण लागला की सौंसरजवळच्या रामाकोन्यात अंबाबाईच्या ओसरीवर कोणी ना कोणी पदराखाली टोपली झाकून येऊन बसायचं. टोपलीत सात्या असायच्या. वारुळावर, उधईच्या मातीतून वर येणारी ही पांढरी छत्री त्या भागात मटणाच्या तोडीची मानतात. पण तिच्यासारखी दिसणारी, माणसाला आडवं करणारी दुसरीही उगवते, आणि दोघींतला फरक सांगायला गावात एकटी अंबाबाई.

ती छत्री हातात घ्यायची आणि वरचं टोक अंगठ्यानं दाबून बघायची. माती फोडून यायचं असतं म्हणून सात्याला मधोमध बोंडासारखं कडक टोक असतं. मग उलटी करून खालचे पापुद्रे निरखायची, देठ उभा फाडून त्याचे दोरे निघतात का पाहायची, नाकाशी धरायची. एवढं सगळं मनाजोगतं झालं तरी कपाळावरची आठी तशीच. शेवटी विचारायची, "मुळी कुठी हाय?"

"मोडून आनली ना काकी. नागोबाचं घर थे, उपटाव कसं?"

"मंग जाय, एक तरी उपटून आन. मुळी पाह्यल्याबिगर मी खा म्हननार नाई."

लोक कुरकुरत जायचे. शेजारचा सुखदेव म्हणायचा, काकी तं आरटीओवाल्यावानी सात्याचे कागद मागते. पण जायचे. सात्याची मुळी वारुळात खोल, उंदराच्या शेपटासारखी लांबच लांब जाते. ती ओढली तर नागाच्या घराचं आढं निघतं, असं तिकडं धरतात, म्हणून सगळे सात्या जमिनीबरोबर मोडून घेतात. अंबाबाईनंच त्यात वाट काढली होती. चिमूटभर हळद वाहायची, माफी मागायची आणि एकच उपटायची. एकीची मुळी लांब निघाली की त्या वारुळाच्या बाकीच्या तिच्याच बहिणी.

लोकांना वाटायचं, बाईला इद्या आहे. अंबाबाईला ठाऊक होतं की तिला इद्या नाही, भेव आहे.

ते भेव तिनं सावरगावच्या माहेराहून आणलं होतं. जाम नदीच्या काठी ती आणि धाकटी मंगला शेण वेचायला जायच्या. एकदा बाभळीखाली छत्र्या दिसल्या, पांढऱ्याशुभ्र, अंड्यातून निघाल्यासारख्या. मंगलानं घरी आणून निखाऱ्यावर भाजल्या आणि मीठ लावून खाल्ल्या. अंबाला ताप होता म्हणून तिनं तोंडाला लावल्या नाहीत. रात्र सुखाची गेली. सकाळी मंगलाला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी थांबलेही. पोरगी उठून बसली, पेज प्याली, अंबाशी फुटक्या बांगड्यांच्या काचा खेळली. आईनं देवाला नारळ फोडला. आणि मग तिचे डोळे पिवळे व्हायला लागले. हळदीच्या हातानं कोणी पुसावेत तसे. त्यातच ती गेली.

ओकाऱ्यांची अंबाबाईला पुढं कधी तेवढी भीती वाटली नाही. तिला भीती वाटायची ती बरं वाटण्याची. तिचा मुलगा गजेंद्र लहानपणी तापातून उठून हसायला लागला की ती त्याच्या पापण्या वर करून बघायची. नवरा, नत्थूजी, वैतागायचे. "बरा झाला ना पोट्टा, आता काऊन पाह्यते?" ती काही सांगायची नाही. सांगितलं की ते खरं होईल असंही तिला वाटायचं.

नत्थूजींच्या घरी ती आली तेव्हा संत्र्याची बाग नवी होती. झाडांना आळी करताना, खत टाकताना, फुटवे काढताना तिची उमर गेली. बागेच्या कडेला, धुऱ्यावर, कडुलिंबाच्या बुडाशी, वारूळ होतं. ते तिच्या सासूच्याही आधीचं. नत्थूजी त्याच्यापासून हातभर लांबूनच वखर वळवायचे, आणि नागपंचमीला तर घरात कुदळ, खुरपं, विळी, सगळं गोणपाटाखाली झाकलं जायचं. त्या दिवशी जमिनीला लोखंड लावायचं नाही, काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. घरात बाई पोटुशी असली तर जास्तच सांभाळायचं. माती खोदली तर पोटातल्या लेकरावर निघतं, असं सासू सांगून गेली होती.

आणि यंदा घरात बाई पोटुशी होती. पूनम, गजेंद्रची बायको, पांढुर्ण्याची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. हे तिसऱ्या खेपेचं, सातवा महिना लागलेला. अंबाबाई तिला विहिरीकडं जाऊ देत नव्हती की पायरीवर एकटी उभी राहू देत नव्हती. गजेंद्र म्हणायचा, "माय, तू तं तिले कपाटातच ठेवशीन." सौंसरला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. बायकोच्या तपासण्या तो नेमानं करून आणायचा आणि डॉक्टर जे म्हणतील ते मायपुढं दोनदा म्हणायचा.

नागपंचमीच्या सकाळी सासू-सून दुधाची वाटी आणि लाह्या घेऊन वारुळाला गेल्या, तर वारूळ सात्यांनी फुललेलं. पूनमच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला आठ दिवसांपासून भात नको, भाकर नको झालेलं. "आई, नागोबानं परसाद देल्ला. खाऊ ना?"

अंबाबाईनं माथ्यावरची एक मोडून घेतली. टोक कडक. पापुद्रे दुधासारखे. देठाचे दोरे निघाले, वास ओल्या पिठाचा. सात्याच होत्या. मुळी पाहायला तिचा हात खाली गेला आणि तिथंच थांबला. आज कसं उपटणार? आज तर मातीला नखही लावायचं नव्हतं.

"ह्या हायत," ती म्हणाली. "हातानं फाड, विळी नोको घेऊ."

पूनम तोडायला लागली, तेवढ्यात सुखदेवच्या घरून अंबाबाईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. ती गेली. परत आली तेव्हा पूनमनं सात्या फाडून, धुऊन पातेल्यात टाकलेल्या होत्या, पांढऱ्या चिंध्यांचा ढीग. अंबाबाईनं विचारलं, सगळ्या तिथल्याच ना? पूनम म्हणाली, त्याच वारुळाच्या, खालच्या अंगालाही लय होत्या. मुळी पाहायची राहिली, हे अंबाबाईला आठवलं. पण डोहाळ्याच्या बाईपुढून ताट ओढायचं कसं? तिचा स्वतःचा उपास होता, नत्थूजींचाही. गजेंद्रला सात्याचा वास चालत नसे, तो दूधभात खाऊन दुकानात गेला. पूनम एकटी जेवली, आणि खूप दिवसांनी पोटभर जेवली.

भांडी घासून होत नाहीत तोच तिनं मोरीत धाव घेतली.

पहिल्या ओकारीला अंबाबाईनं मनाला सांगितलं, पोटुशी बाई आहे, होतं. दुसऱ्या ओकारीला पूनमचे हात गार लागले आणि पाय वळायला लागले. तिसऱ्यांदा ती मोरीतून उठलीच नाही. नत्थूजींनी गजेंद्रला फोन लावला. सुखदेवनं ऑटो काढला. पूनमला चढवताना ती एकच म्हणत होती, "आई, लेकरू हालून नाई राह्यलं. आई, पाहा ना." अंबाबाई चढायला गेली, पण सुखदेवची बायको आणि तिची सून पूनमला धरून बसलेल्या, जागा उरली नव्हती. ऑटो सौंसरच्या दवाखान्याकडं गेला. रस्त्यावर चिखलाचे दोन ओरखडे राहिले.

ओसरीवर नवरा-बायको फोन मध्ये ठेवून बसले. अंबाबाईच्या डोळ्यापुढं पातेल्यातला तो पांढरा ढीग येत होता आणि त्यातला एकही तुकडा तिला पुरता आठवत नव्हता.

फोन वाजला. गजेंद्र सांगत होता की सलाईन लावली, ओकाऱ्या थांबल्यात, थोडं बरं वाटून राह्यलं म्हणते.

नत्थूजींनी हात जोडले. अंबाबाईनं जोडले नाहीत. बरं वाटून राह्यलं. मंगलानंही असंच म्हटलं होतं, काचा मागितल्या होत्या.

"माय, तू हायस ना? मॅडमले तुह्याशीच बोलाचं हाय."

डॉक्टरीण श्रुती मॅडम होत्या. त्यांनी समजेल असं, हळू सांगितलं. खाल्ल्यावर लवकर ओकाऱ्या होतात ती छत्री बहुतेक पोटच बिघडवते. पण उशिरा लागणारी एक असते, ती लिव्हर खाते, आणि मधे माणूस बरं झाल्यासारखं वाटतं. दोन्ही मिसळून खाल्ल्या असतील तर आताच्या ओकाऱ्यांवरून काही कळणार नाही. लिव्हरवाली असेल तर इथं वेळ घालवायचा नाही, आत्ताच नागपूरला हलवायचं. पण या अवस्थेत, पाणी कमी झालेलं असताना, एवढा प्रवासही लेकराला धोक्याचा. "म्हणून नीट आठवून सांगा, बाई. देठाच्या बुडाशी थैली होती का? अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी?"

अंड्यातून निघाल्यासारख्या. बाभळीखालच्या त्या छत्र्या अंबाबाईला लख्ख दिसल्या.

"बुड पाह्यलंच नाई मी," ती म्हणाली. "बुड मातीतच हाय."

"मग काढून आणा. जेवढी मोडली तेवढी सगळी बुडं. एकही सोडू नका. लवकर."

फोन बंद झाला. नत्थूजींनी सगळं ऐकलं होतं. ते उठले आणि गोणपाटाच्या ढिगाऱ्यापुढं जाऊन उभे राहिले.

"आज नाई, गजूची माय. आज वारुळाले खुरपं लावशीन? पोटात लेकरू असताना?"

"अवो, मंग कवा लावू?"

"उद्या पहाटे लावू. दिवस उलटू दे."

"उद्यालोक तिचे डोये पिवळे झाले तं?"

नत्थूजींना मंगलाचं ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत बायकोनं ते असं तोंडावर आणलं नव्हतं. ते बाजूला झाले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांचा आवाज बारीक झाला. "दोनदा गेलं ना वो," ते म्हणाले. "हे तिसरं हाय. देवाशी वाकडं घ्याचं बळ नाई माह्यात."

अंबाबाईलाही ते बळ नव्हतं. तिला सासूचा शब्द नत्थूजींपेक्षा जास्त खरा वाटत होता. खोदलं तर लेकरावर निघेल, न खोदलं तर दोघांवर. मग तिनं नवऱ्याच्या बाजूनं हात घालून गोणपाट ओढलं आणि खुरपं काढलं.

वारुळावर सकाळच्या लाह्या ओल्या होऊन फुगल्या होत्या, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. दुधाचा ओघळ वाळून पिवळा पडला होता. तिनं हात जोडले, पण म्हणायला काही सुचेना. हळद आणायची राहिली होती. माथ्याच्या भोकात काहीतरी सळसळलं, का लिंबाचा पाला पडला, कळलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि तिनं खुरपं मातीत घातलं.

माथ्यावरच्या देठांची थुटकं होती, तिथून सुरुवात केली. माती भुसभुशीत, आतून ऊन. मुळी निघाली, काळपट, सुतळीएवढी, ओढेल तेवढी येतच राहिली. सात्या. दुसरी तशीच. तिसरी तशीच. उधया मनगटावर चढून चावायला लागल्या. एका भोकातून सापाची जुनी कात बाहेर आली, पातळ, तिच्या बोटांना चिकटली. तिनं कात बाजूला ठेवली आणि हात पुन्हा त्याच भोकात घातला.

मागं पावलं वाजली. नत्थूजी काठी घेऊन आले होते. "तू खोद," ते म्हणाले. "निघाला तं मी पाह्यतो." आणि काठी दोन्ही हातांत धरून, तोंड तिच्याकडं न वळवता, भोकाकडं बघत उभे राहिले.

खालच्या अंगाला उताराशी संत्र्यासाठी टाकलेल्या शेणखताचा ढीग वारुळाला टेकलेला होता. उन्हाळ्यात गजेंद्रनंच ट्रॉली तिथं उलटवली होती. तिथंही थुटकं होती, जास्त जाड. अंबाबाईनं एक खोदलं आणि खुरप्याच्या दोन घावांत ते मोकळं हातात आलं. लांब मुळी नव्हती. बुड कांद्यासारखं फुगलेलं, तिथंच संपलेलं.

सात्या नव्हती ती.

तिनं ते बुड पदरात पुसलं आणि थैली शोधायला लागली. बोटानं सभोवार चाचपलं. टरफल नाही, पापुद्रा नाही. नुसतं गुळगुळीत, भरीव. पण थैली मातीत निसटून राहिली असेल तर? ती पुन्हा त्याच खड्ड्यात हात घालून मूठ-मूठ माती काढून चाळायला लागली. सगळं शेणखतच. दुसरं बुड तसंच. तिसरं तसंच. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता टरफल लागेल.

ढिगाच्या पलीकडं गवतात पूनमच्या नजरेतून सुटलेली एक पुरी उमललेली छत्री होती. माथ्यावर कडक टोक नव्हतं, तपकिरी खवले होते, सालपट फाटल्यासारखे. देठावर एक कडं होतं, बोटानं वरखाली सरकणारं. अंबाबाईनं ती उलटी केली. पापुद्रे हिरवे पडले होते, बुरशी आलेल्या भाकरीसारखे, आणि खालच्या गवताच्या पात्यांवर हिरवट पीठ सांडलं होतं. बाजूलाच तिची न उमललेली जोडीदारीण होती. तिचे पापुद्रे अजून दुधासारखे पांढरे. पूनमनं तोडल्या त्या अशाच कोवळ्या असतील. वरच्यांच्या साक्षीवर खालच्या पातेल्यात गेल्या होत्या.

सगळी थुटकं निघाली तेव्हा वारूळ खालून पोखरून निघालं होतं. नत्थूजींनी पळसाची पानं तोडून आणली. वरच्या मुळ्या एका पानात, खालची बुडं दुसऱ्यात, आणि हिरवी छत्री तिसऱ्यात. दोघं फाट्यावर उभे राहिले आणि सौंसरकडं जाणारी पहिली जीप हात करून थांबवली. जीपवाल्यानं विचारलं, काकी, परसाद काय? अंबाबाई पानांची पुडी मांडीवर धरून बसली.

श्रुती मॅडमनी पेपर पसरून त्यावर सगळं मांडलं. एकेक बुड उलटंसुलटं करून बघितलं, फोटो काढले, नागपूरच्या कोणा जाणत्याला पाठवले आणि फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. अंबाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. बोलणं कळत नव्हतं, म्हणून भुवया बघत होती.

"थैली एकाही बुडाला नाही," फोन ठेवून मॅडम म्हणाल्या. "सगळी काढली ना तुम्ही?"

"सगळी. वरची बी आन खालची बी."

"हिरव्या पापुद्र्याची आहे ही. पोटाची आहे, लिव्हरची नाही. नागपूरला नेत नाही मी. इथंच ठेवू, रक्त रोज तपासू."

बाळाचे ठोके त्यांनी ऐकले होते. जरा जलद होते, पण होते.

रक्ताचे रिपोर्ट पुढं चांगलेच येत गेले, आणि पूनम आठवडाभरात घरी आली. पण ते पुढं. त्या दिवशी दिवेलागणीला अंबाबाई वार्डात गेली तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टरणीचा शब्द तेवढा होता. तिनं आधी सुनेची पापणी वर करून बघितली. ट्यूबच्या उजेडात पांढरं काय आणि पिवळं काय, तिला उमगेना. तिनं दुसरीही बघितली.

पूनमचे ओठ सुकून फुटले होते. गजेंद्रनं तिला सांगून टाकलं होतं.

"आई, वारूळ खोदलं म्हनते तुमी."

"खोदलं."

"आजच्या दिवशी?"

"आजच."

पूनमनं पोटावर दोन्ही हात ठेवले. ती रडत नव्हती, नुसती छताकडं बघत होती. अंबाबाई पलंगाच्या कडेला उभीच राहिली. तिच्या नखांत अजून ती माती होती. दवाखान्याच्या नळावर घासूनही निघाली नव्हती. मनगटावर उधयांचे चावे उठले होते. ते हात तिनं पदराखाली घेतले. या हातांनी सुनेला शिवावं की नाही, ते तिला कळत नव्हतं.

"मी खोदलं," ती म्हणाली. "नागोबाले सांगतलं मी. काय घ्याचं थे माह्याकडून घे म्हनलं."

हे खरं नव्हतं. वारुळापाशी तिला काही म्हणायलाच सुचलं नव्हतं. पण आता म्हटलं, आणि म्हटल्यावर तिनं ते मनात पुन्हा एकदा, नीट, म्हटलं.

पूनमनं पदराखालचा तिचा हात शोधला, बाहेर ओढला आणि माती भरल्या बोटांसकट आपल्या पोटावर ठेवला. "दुपारपासून मले कळूनच नाई राह्यलं," ती म्हणाली. "तुमी पाहा. तुमाले कळते."

अंबाबाईनं हात ठेवला. लुगड्याखाली पोट कडक होतं आणि ऊन होतं. आत काही हलत नव्हतं. शेजारच्या पलंगावरची बाई घोरत होती. सलाईनचा एक थेंब पडला, मग दुसरा. गजेंद्र दारात येऊन काही विचारणार होता, मायचं तोंड बघून थांबला. अंबाबाईनं डोळे मिटले, श्वास धरला आणि सगळा जीव तळहातात आणून ती वाट बघत राहिली.